वढी का?

जळगावच्या नाहीतर धुळ्याच्या गाड्यांच्या शोरूममध्ये दिवसभर तेच ते प्रश्न येत असतात. अ‍ॅव्हरेज काय देते, सनरूफ आहे का, पांढऱ्या रंगात किती दिवसांनी मिळेल, हप्ता कितीचा बसेल. टाय लावलेला पोरगा त्यांची उत्तरं झोपेतही देऊ शकतो. मग एखाद्या दुपारी आप्पा येतात. अंगात पांढरा शर्ट, खिशात बॉलपेन आणि खताच्या दुकानातून भेट मिळालेली डायरी, सोबत दोन जण, ज्यांना गाडी घ्यायची नसते पण मत द्यायचं असतं. आप्पा दार उघडून सीट दाबून बघत नाहीत, समोरच्या मोठ्या स्क्रीनकडे ढुंकूनही पाहत नाहीत. ते थेट गाडीच्या मागच्या अंगाला जातात, गुडघ्यांवर हात टेकून वाकतात आणि बंपरखाली डोकं घालून बराच वेळ काहीतरी शोधत राहतात. पोरगा म्हणतो, "आप्पा, सहा एअरबॅग आहेत." आप्पा खालूनच म्हणतात, "ते ऱ्हाऊ दे भो. वढी का?" काय ओढायचं आहे, असं त्या पोराने विचारलंच तर सोबतचे दोघे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. काय ओढायचं ते आधी ठरवून कधी कोणी गाडी घेतली आहे का?

हे आप्पा म्हणजे कोणी एक गृहस्थ नव्हेत. पारोळा, अमळनेर, चोपडा, रावेर, शिरपूर, साक्री, कुठेही जा, आप्पा, नाना, बापू नाहीतर आबा या नावाने ते भेटतातच. पन्नाशी उलटलेली, दहा-बारा एकर बागायत, त्यात केळी नाहीतर कापूस, आणि कधीकाळी विकास सोसायटीचं संचालकपद. रोजचं काम म्हणाल तर तालुक्याला चक्कर मारणं, बाजार समितीत डोकावणं, बँकेत सही करणं, बायकोला गुडघ्याच्या डॉक्टरकडे नेणं आणि लग्नसराईत एका दिवसात तीन मांडवांत हजेरी लावणं. एवढ्याला कुठलीही छोटी मोटार पुरते. पण आप्पांना रोजची गाडी अशी हवी, की वेळ पडली तर तिच्यामागे ट्रेलर जोडता यावा आणि त्या ट्रेलरवर दुसरी अख्खी गाडी चढवून घरी आणता यावी. पुण्यात नोकरी करणारे त्यांचे जावई याला शुद्ध वेडेपणा म्हणतात. वर्षातून दोनदा लागणाऱ्या ताकदीसाठी बाराही महिने जास्तीचं डिझेल का जाळायचं, असा त्यांचा हिशेब आहे आणि कागदावर तो बिनचूक आहे. माझं म्हणणं इतकंच, की जावईबापू भलत्याच वस्तूचा हिशेब मांडून बसले आहेत. अडल्या माणसाचा पहिला फोन आपल्याला यावा, यासाठी आप्पा ते पैसे मोजतात. गाडी त्यावर फुकट मिळते.

आणि खानदेशात अडणाऱ्या माणसांची वाण नाही. तापी, गिरणा, पांझरेच्या खोऱ्यातली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की चाक धरून बसते. केळीचा ट्रक अशा वेळी वावरात उतरत नाही. घड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नाहीतर मजुरांच्या खांद्या-डोक्यावरून रस्त्याला येतात, आणि एवढं करूनही रस्त्याकडेला उभा असलेला ट्रक भरता भरता साइडपट्टीत रुततो. त्यात मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूर-धुळे असे तीन मोठे रस्ते धुळ्याला येऊन मिळतात. देशभरच्या गाड्यांना बंद पडायचंच असेल तर आपला जिल्हा सोयीचा. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो, तेव्हा चांगल्या चांगल्या रेडिएटरना घाम फुटतो. चाळीसगावहून कन्नडला चढणाऱ्या औट्रम घाटात २०२१ च्या ऑगस्टअखेर दरडी कोसळल्या तेव्हा गाड्या जागच्या जागी अडकल्या. अशा मुलखात रात्री नऊला फोन वाजतो आणि पलीकडून "आप्पा, झोपले होते का?" अशी सुरुवात होते, यात आप्पांच्या कल्पनाशक्तीचा काही भाग नाही. फोन खरा असतो, चिखल खरा असतो आणि अडलेला माणूसही चुलत्याच्या साडूचा का होईना, खरा असतो.

बंद गाडी ओढायला टोचन लावावं तर आप्पांनी. सीटखालून दोर निघतो, तो पुढच्या गाडीच्या चासीला आणि मागच्या गाडीच्या हुकाला बांधला जातो, बंपरला कधीच नाही. बंपरला बांधणाऱ्याला आप्पा जन्मभर "बंपरवाला" म्हणून ओळखतात. मागच्या गाडीत बसणाऱ्याला सूचना मिळते, की किल्ली लावलेलीच ठेव, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. आणि ब्रेक नेहमीसारखा लागणार नाही, पाय जोरात दाबावा लागेल, कारण इंजिन बंद असलं की ब्रेकला जोर पुरवणारा व्हॅक्युम नसतो. मग पहिला गिअर, क्लच हळूहळू, दोरातली ढील संपेपर्यंत मुंगीच्या चालीने, आणि दोर ताणला गेला की मगच रेस. झटका द्यायचा नाही. झटक्याने दोर तुटतो नाहीतर हूक उपटून येतो, आणि उपटलेला हूक कोणाच्या काचेत जाईल याचा नेम नसतो. १९८९ च्या रस्ता-नियमांनी दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, वेग ताशी २४ किलोमीटरच्या वर नको आणि मागे गाडी ओढली जात असल्याची पाटी हवी, असं सांगून ठेवलं होतं. आप्पांचा दोर पाच मीटरपेक्षा कमीच भरतो. त्यात कायद्याचा आदर नसतो, बाकीचा दोर पूर्वीच्या टोचनांत तुटून गेलेला असतो.

इथवर दोराने भागत होतं. गोची केली ती ऑटोमॅटिक गाड्यांनी. अशा बऱ्याच गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून गाडी चाकांवर ओढत नेली की आतले भाग तेलाशिवाय फिरतात, आणि क्रेनचे पैसे वाचवण्याच्या नादात गिअरबॉक्सचा खर्च अंगावर येतो. विजेच्या गाडीची तऱ्हा आणखी निराळी. चाकं फिरली की मोटर फिरते, आणि ओढली जात असतानाही ती वीज तयार करू लागते. म्हणून या गाड्यांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, की ओढू नका, उचलून न्या. दिवाळीला पुण्या-मुंबईहून गावी येणाऱ्या पोरांकडे आता याच गाड्या असतात. भाचा पारोळ्याच्या अलीकडे बंद पडतो, आप्पा दोर घेऊन धावतात, आणि भाचा मोबाइलवर पुस्तिका उघडून म्हणतो, "मामा, दोर नको. ट्रेलर लागेल." ज्या दोरावर माणसाने तीस वर्षं नाव कमावलं, तो दोर भाच्यासमोर गुंडाळून परत सीटखाली टाकण्याची पाळी येणं साधी गोष्ट नाही. ट्रेलरचं खूळ डोक्यात शिरतं ते त्या रात्री. सकाळी आप्पा ट्रॉल्या बांधणाऱ्या फॅब्रिकेटरच्या दारात हजर असतात. चॅनेलची चौकट, चार चाकं, मागे गाडी चढवायला दोन फळ्या, पुढे तार गुंडाळायची विंच. नुसत्या ट्रेलरचं वजन पाच-सात क्विंटल, त्यावर नऊ क्विंटलची लहान मोटार, म्हणजे चौदा-सोळा क्विंटल झाले. आप्पांना हा आकडा किरकोळ वाटतो. एवढा कापूस ट्रॉलीत भरून ते जिनिंगला नेत आले आहेत.

आता राहिला प्रश्न ते ओढणाऱ्या गाडीचा, आणि इथे आप्पांच्या बाजूने इतिहास उभा आहे. महिंद्रांनी १९४७ साली विलीज जीप जोडायला घेतली. तिच्याच वंशातल्या कमांडर आणि मार्शल पुढे खानदेशच्या रस्त्यांवर फिरल्या. १९९४ मध्ये सुमो आली, २००० मध्ये बोलेरो. रोजची गाडी वेगळी आणि कामाची वेगळी, हा भेद त्या गाड्यांना ठाऊक नव्हता. एकाच जीपमधून सकाळी बियाण्याच्या थैल्या, दुपारी शाळा तपासणीचे साहेब, संध्याकाळी नवरदेव आणि मध्यरात्री अडलेली बाळंतीण जायची. खाली लोखंडी चासी असायची, मागे पाटे असायचे, हूक वेल्डिंग करायला हवी तेवढी जागा असायची. आजच्या बहुतेक लहान मोटारींना वेगळी चासी नसते. पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. त्याने गाडी हलकी होते, अ‍ॅव्हरेज वाढतं, रस्त्यावर ती जास्त बसकी आणि शहाण्यासारखी चालते. पण हूक लावायचा कशाला? शोरूममध्ये बंपरखाली डोकं घालून आप्पा चासी शोधत असतात. ती त्यांना बोलेरोत सापडते, स्कॉर्पिओत सापडते, थारमध्ये सापडते. खरं तर त्यांच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर बोलेरो कॅम्पर आहे. चार दारं, घरच्यांना बसायला जागा, मागे हौदा. हे आप्पांना शोरूममधल्या पोराआधी माहीत असतं. पण ती मालवाहू म्हणून नोंदली गेली की पिवळी पाटी लागते, आणि व्याह्यांच्या दारात पिवळ्या पाटीची गाडी उभी करणं आप्पांना कसंसंच होतं. शिवाय हौदा दिसला की लग्नाला निघताना भावकीतली निम्मी माणसं न विचारता त्यात चढून बसतात.

आप्पांची चूक कुठे होते हेही सांगितलं पाहिजे, कारण ती होते. पूर्वी ते हॉर्सपॉवर विचारायचे, आता टॉर्क विचारतात. स्विफ्टचा ११२ न्यूटन मीटरच्या आसपास, बोलेरोचा २१०, ऑटोमॅटिक फॉर्च्युनरचा ५००, असे आकडे त्यांच्या डायरीत खताच्या भावाशेजारी लिहिलेले असतात, आणि जास्त आकडा तो जास्त ओढणार, असा साधा न्याय ते लावतात. मात्र त्यांच्याच खळ्यात उभा असलेला ४५ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर हा न्याय मोडीत काढतो. त्याच्या इंजिनाचा टॉर्क बोलेरोपेक्षा कमीच भरतो. तरी चिखलातून केळीची भरलेली ट्रॉली तो बाहेर काढतो आणि बोलेरो तिथे स्वतःच टोचन मागते. ट्रॅक्टरची ताकद त्याच्या गिअरांत असते. इंजिनाचे कितीतरी फेरे होतात तेव्हा मागचं चाक जेमतेम एकदा फिरतं. त्यात त्या चाकाचा घेर, त्याच्या खोल खाचा आणि त्याच्यावर बसलेलं वजन. वेग सोडला म्हणून त्याला जोर मिळाला. रोजच्या गाडीला ताशी शंभरने पळायचंही असतं आणि पंधरा क्विंटल मागे घेऊन चढायचंही असतं. या दोहोंची किंमत क्लच प्लेट चुकवते. चढावर ट्रेलर ओढताना जळक्या क्लचचा वास आला तर आप्पा खिडकीची काच वर करतात आणि पुढे शेतात कोणीतरी टायर पेटवला असेल असं म्हणतात.

पण याहून मोठी चूक आहे ती प्रश्नातच. ओढणं हा या प्रकरणातला सोपा भाग आहे, थांबणं अवघड. ब्रेक नसलेला भरला ट्रेलर उतारावर ओढला जात नाही, तो पुढच्या गाडीला ढकलतो. म्हणून युरोपात स्वतःचे ब्रेक नसलेल्या ट्रेलरला भारासकट ७५० किलोची मर्यादा घातली आहे. आपल्या पंधरा क्विंटलांच्या ती निम्मी. भार मागे सरकला तर ट्रेलर शेपटी हलवू लागतो आणि वेग वाढला की गाडीलाच वळवून टाकतो. म्हणून एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर येईल अशा बेताने मोटार पुढे घेऊन बांधावी लागते. सेंधव्याकडून बिजासनचा घाट उतरून पळासनेरला येणाऱ्या कुठल्याही अनुभवी ट्रकवाल्याला विचारा, त्याने घाट चढल्याची फुशारकी कधी मारलेली नसते, तो उतरल्याबद्दल देवाचे आभार मानतो. आणि आप्पांना हे कळू नये याचं नवल अशासाठी, की जळगावात १८७२ पासून कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो. दोराला शेकडो हात लागतात, ज्याला त्याला ओढायचं असतं. पण तो उंच, जड रथ गल्लीच्या वळणावर वळतो आणि हव्या त्या दारापुढे थांबतो तो मोगरी लावणाऱ्यांमुळे. चालत्या चाकाशी वाकून, नेमक्या क्षणी लाकडी मोगरी सरकवणारी ती चार माणसं चुकली तर दोर धरणाऱ्या शेकडोंचा काही उपयोग नाही. आप्पा दरवर्षी त्या दोराला हात लावून नमस्कार करतात. मोगरीवाल्याकडे बघून "थांबी का?" हा प्रश्न मात्र त्यांना सुचलेला नाही. या मुद्द्यावर मी जावईबापूंच्या बाजूने आहे.

बाकी आक्षेपांत फारसा दम नाही. घरी ट्रॅक्टर आहे, तोच जोडावा, हे सगळेच सांगतात. जळगाव ते धुळे नव्वदेक किलोमीटर पडतं. ट्रॅक्टरच्या चालीने हे अंतर कापायचं तर सकाळी निघालेला माणूस जेवायच्या वेळेला पोचतो, तेही उपाशी आणि कान बधिर झालेला. शिवाय ज्या दिवसांत लोक रुततात, त्याच दिवसांत ट्रॅक्टर वावरात लागतो. दुसरा आक्षेप असा, की महामार्गावर १०३३ लावला की क्रेन येते, मग आप्पांची गरज काय? क्रेन येते, गाडी रस्त्यातून बाजूला काढून ठेवते, पावती असेल तर पावती फाडते आणि जाते. तिथून पुढे गॅरेजपर्यंत नेणारं कोणीतरी लागतंच, आणि रात्री अकराला बायका-पोरांना घेऊन टपरीवर बसलेल्या माणसाला ते कोणीतरी ओळखीचं हवं असतं. आप्पा पैसे घेत नाहीत. तेवढ्यासाठी मात्र ज्याची गाडी ओढली त्याने सावध राहावं, कारण क्रेनवाल्याचे पैसे दिले की विषय मिटतो, आप्पांचा मिटत नाही. पुढच्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक भरीत पार्टीत, वांगी काड्यांवर भाजली जात असताना, "तुमची गाडी आणली होती ना आपण पारोळ्याहून" हे वाक्य येतंच. दर वेळी पाऊस थोडा वाढलेला असतो, चढ थोडा उभा झालेला असतो आणि गाडी बंद पडण्याचं कारण थोडं अधिक हास्यास्पद झालेलं असतं.

तेव्हा हा सगळा मोठेपणाचाच सोस आहे, असं कोणी म्हणेल. सोस आहे, पण त्याची जात वेगळी आहे. नुसता मोठेपणाच हवा असता तर फॉर्च्युनर पुरली असती. तिच्यात बोलेरोच्या दुपटीहून जास्त जोर आहे, चासीही आहे. तरी चिखलात अडकलेला माणूस फॉर्च्युनरवाल्याला फोन करत नाही. हूक लावल्याने मागची शोभा जाते म्हणून तो लावलेलाच नसतो, आणि फोन बहुधा ड्रायव्हरकडे असतो. ओढण्याची ताकद इंजिनात किती आहे यापेक्षा मालक रात्री लुंगीवर बाहेर पडतो की नाही, यावर बोलावणं ठरतं. अमेरिकेत फोर्डची एफ मालिका १९७७ पासून तिथला सर्वाधिक खपाचा ट्रक आहे, आणि पिकअप घेणाऱ्यांतले पुष्कळ जण वर्षभरात काहीही ओढत नाहीत असं तिथल्या बाजारपाहण्या सांगतात. तिकडचा माणूस ताकद विकत घेऊन गॅरेजात ठेवतो. आपल्याकडे ती ठेवून चालत नाही, शेजारी राहू देत नाहीत. शिवाय ओढणाऱ्याला मान देण्याची इथली रीत गाड्यांहून जुनी आहे. आखाजीला, यात्रेला गावोगाव बारागाड्या ओढतात. एकाला एक बांधलेल्या बारा बैलगाड्या, त्यांवर माणसं खच्चून भरलेली, आणि पुढे बैलांच्या जागी एकटा भगत. त्याचे बगले त्याला दोन्ही अंगांनी सांभाळून धरतात आणि गाडं हललं की सारं गाव ओरडतं. त्या गाड्यांत बसून कोणाला कुठे जायचं नसतं. ज्या मुलखात अशा भगताच्या पाया पडतात, तिथे आप्पांनी गाडी घेताना सनरूफ विचारावं ही अपेक्षाच चूक आहे.

कायद्याचं मात्र आप्पा मनावर घेत नाहीत आणि घ्यायला हवं. ट्रेलर हे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने स्वतंत्र वाहन आहे. त्याची वेगळी नोंदणी लागते, त्याचा नंबर त्याच्या अंगावर बाजूला हवा आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागेही दिसायला हवा. विम्याच्या कागदावरही तो यावा लागतो. एमएच १८ किंवा एमएच १९ च्या कार्यालयात आप्पा हे विचारायला गेले की बाहेरचा एजंट त्यांना शेतीच्या ट्रॉलीचे फॉर्म देतो आणि आप्पा समाधानाने परततात. हूक तर कुठल्याही वेल्डिंगच्या दुकानात जाड पट्टी कापून बसतो, त्याला पेंट मारतात, वर लिंबू-मिरची बांधतात. तो ट्रेलरला जोडला जाण्याचे दिवस बोटांवर मोजावे, पण अंधारात गाडीमागून जाणाऱ्याची नडगी तो रोज फोडतो. पहिल्या महिन्यात तीन नडग्या घरच्यांच्या, चौथी दूधवाल्याची. आप्पांच्या स्वतःच्या नडगीवर दोन वण आहेत, ते विचारल्याशिवाय दाखवत नाहीत.

आणि इतकं करून घेतलेली ही रोजची गाडी रोज कुठे असते? सोमवारी ती मंडपवाल्याकडे, कारण ट्रेलर आहे तर खांबही नेता येतात. भाद्रपदात गणेश मंडळाकडे. एरवी कोणाचं थ्रेशर, कोणाची पाण्याची टाकी, कोणाच्या शर्यतीच्या बैलांचा चारा. किल्ली आप्पांच्या खिशात असते तेव्हाही गाडी बहुधा भाच्याच्या दारात असते. स्वतः आप्पा तालुक्याला जातात ते मुलाच्या कॉलेजच्या वेळची स्प्लेंडर काढून, डोक्याला उपरणं गुंडाळून, खिशात टॉर्कच्या आकड्यांची डायरी घेऊन. बाजार समितीच्या फाटकावर कोणी विचारलंच, की आप्पा, नवी गाडी कुठे, तर मोठ्या आनंदाने सांगतात, "गेली ना टोचनले." आप्पांच्या बायकोने, म्हणजे माईंनी, तीन महिने वाट पाहिली, गुडघ्याच्या डॉक्टरकडे दोनदा एसटीने गेल्या, आणि मग भिशीचे पैसे उचलून स्वतःसाठी एक स्कूटर घेतली. तिची किल्ली त्या कमरेला खोचून ठेवतात, आणि कोणी मागायला आलं की पंक्चर आहे म्हणून सांगतात.